बॅटरीतली वीज जाते कुठे? ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’मधल्या गळतीचा हिशोब

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं तसंच ठेवलंय, फक्त आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून मध्ये मध्ये मथळे दिलेत.)

 

आजचा विषय एका प्रश्नातून आलाय आणि तो प्रश्न हा गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. "मी रात्री बॅटऱ्या फुल्ल करून ठेवल्या. एकही मशीन चालू नव्हतं. सकाळी बघतो तर चार्ज कमी. वीज गेली कुठे?"

गेम म्हणजे ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या क्लेई एंटरटेनमेंटचा. ‘डोन्ट स्टार्व्ह’ बनवणारे हेच लोक. २०१७ साली अर्ली ॲक्सेसमध्ये आला, पूर्ण स्वरूपात जुलै २०१९ मध्ये. गेम कॉम्प्युटरवरचा आहे, पण आज जे बोलणार आहोत त्यातलं थोडं तुमच्या हातातल्या फोनलाही लागू पडतं. ते शेवटी.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत: एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसं उतरतात. त्यांना डुप्लिकंट म्हणतात, लाडाने डुप. हवा, पाणी, अन्न, वीज, सगळं खोदून, बांधून, जमवून त्यांना जगवायचं. नावातच सांगितलंय की ऑक्सिजन धरलेला नाही, तो तुमचा तुम्ही बघा. आणि ऑक्सिजन बनवायला लागते वीज. म्हणून बॅटरी रिकामी होणं म्हणजे नुसते दिवे जाणं नव्हे. काही वेळाने श्वास जातो.

गळतीचा आकडा

या गेममध्ये बॅटऱ्या तीन प्रकारच्या. साधी बॅटरी, जम्बो बॅटरी आणि स्मार्ट बॅटरी. आणि तिन्ही गळतात. तुम्ही काही वापरा किंवा वापरू नका, एकही यंत्र चालू नसलं तरी आतली वीज हळूहळू कमी होत जाते.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. गेममधला एक दिवस म्हणजे ६०० सेकंद. गेममध्ये त्याला सायकल म्हणतात, आपण सरळ दिवस म्हणू.

साधी बॅटरी: मावते १० किलोज्यूल, रोज गळते १ किलोज्यूल. म्हणजे भरलेली बॅटरी नुसती ठेवली तर दहा दिवसांत कोरडी.

जम्बो: मावते ४० किलोज्यूल, रोज गळते २ किलोज्यूल. वीस दिवसांत कोरडी.

स्मार्ट: मावते २० किलोज्यूल, रोज गळते फक्त ०.४ किलोज्यूल, म्हणजे ४०० ज्यूल. हिला कोरडं व्हायला पन्नास दिवस.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवा. ही गळती टक्केवारीने होत नाही, ठरलेल्या दराने होते. बॅटरी काठोकाठ भरलेली असो की तळाला थोडी शिल्लक असो, साध्या बॅटरीतून रोज १ किलोज्यूलच जाणार. म्हणून "अर्धीच भरून ठेवतो, गळती अर्धी होईल" हा विचार इथे चालत नाही. गळती बॅटऱ्यांच्या संख्येवर ठरते, आतल्या साठ्यावर नाही. जितकी भांडी, तितकी भोकं.

पण ही गळती आहे तरी केवढी?

आता जरा हिशोब करू, कारण इथेच बऱ्याच जणांची काळजी चुकीच्या जागी जाते.

सुरुवातीला आपल्याकडे असतो पायाने चालवायचा जनरेटर. मोठ्या चाकात डुप पळतो आणि ४०० वॅट वीज होते. ४०० वॅट म्हणजे सेकंदाला ४०० ज्यूल. साध्या बॅटरीची दिवसभराची गळती १००० ज्यूल. म्हणजे ती भरून काढायला डुपला पळावं लागतं अडीच सेकंद. जम्बोसाठी पाच सेकंद. ६०० सेकंदांच्या दिवसात पाच सेकंद!

कोळशाच्या जनरेटरने बघा. तो ६०० वॅट देतो आणि सेकंदाला १ किलो कोळसा खातो. म्हणजे १ किलो कोळशाचे ६०० ज्यूल. साध्या बॅटरीची रोजची गळती म्हणजे साधारण १.७ किलो कोळसा, जम्बोची ३.३ किलो. आणि हाच जनरेटर दिवसभर चालला तर कोळसा जातो ६०० किलो.

६०० किलोच्या खर्चात ३ किलोची गळती. पगार झाल्यावर खिशातून दोन रुपयांचं नाणं पडलं, तसं. वाईट वाटतं, पण घर त्याने बुडत नाही.

मग बेस बुडतात कशाने? कारण बॅटरीमुळे बेस बुडतात, हे खरंच आहे. फक्त ज्या गळतीकडे आपण बघत बसतो तिच्यामुळे नाही. आणखी दोन गळत्या आहेत, त्या बॅटरीच्या पट्टीवर दिसत नाहीत.

पहिली न दिसणारी गळती: उष्णता

आपल्याकडचा मातीचा माठ आठवा. माठही झिरपतो. पण झिरपणारं पाणी वाफ होऊन उडतं आणि आतलं पाणी गार करतं. म्हणजे झिरपण्याचा काहीतरी मोबदला मिळतो. या गेममधली बॅटरी म्हणजे उलटा माठ. वीज झिरपते आणि वर खोली तापते.

साधी बॅटरी सेकंदाला १.२५ किलो-डीटीयू उष्णता सोडते. जम्बोही तेवढीच, १.२५. स्मार्ट बॅटरी ०.५. डीटीयू हे गेममधलं उष्णतेचं एकक. ते केवढं, हे पाण्यावरून कळतं. गेममध्ये १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला ४.१७९ डीटीयू लागतात. शाळेत शिकलेला पाण्याचा आकडा काय होता? ४.१८ ज्यूल. म्हणजे डीटीयू हा जवळपास ज्यूलच आहे, नाव तेवढं वेगळं.

आता गंमत बघा. साधी बॅटरी दिवसाला १ किलोज्यूल वीज गमावते आणि उष्णता सोडते ७५० किलो-डीटीयू. जेवढं गमावलं त्याच्या ७५० पट! ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथे धाब्यावर बसवलाय. ही बॅटरी कमी आणि वीज न खाणारा गीझर जास्त आहे, जो तुम्हाला बंदच करता येत नाही.

एकदोन बॅटऱ्या असतील तर भिंती, फरशी, आजूबाजूची हवा ही उष्णता पचवतात. पण घाबरलेला खेळाडू काय करतो? एकदा वीज गेली की ठरवतो, "पुन्हा असं होऊ द्यायचं नाही," आणि ओळीने दहा जम्बो उभ्या करतो. दहा जम्बो म्हणजे सेकंदाला १२.५ किलो-डीटीयू. तुलना करा: धूर ओकणारा कोळशाचा जनरेटर सोडतो ९ किलो-डीटीयू. म्हणजे तुमची शांत उभी असलेली बॅटऱ्यांची रांग पेटलेल्या जनरेटरपेक्षा जास्त तापवते.

दिवसाला ही होते ७५०० किलो-डीटीयू. पाण्याने गच्च भरलेल्या एका चौकोनात १००० किलो पाणी असतं. तेवढं पाणी या उष्णतेने रोज जवळजवळ १.८ अंशांनी तापेल. दहा दिवसांत १८ अंश.

आता याचं जेवणाशी नातं. सुरुवातीचं पीक मीलवूड. त्याला १० ते ३० अंश तापमान चालतं. ३० च्या वर गेलं की वाढ थांबते. बॅटऱ्यांची खोली शेताला चिकटून असेल, आणि नवीन खेळाडूंच्या बेसमध्ये ती बहुतेक वेळा असतेच, तर होतं असं: वीज भरपूर, ऑक्सिजन भरपूर, आणि डुप उपाशी. खेळाडू शोधतो शेतात काय बिघडलं. बिघडलेलं असतं शेजारच्या खोलीत, पंधरा दिवसांपूर्वी.

आणि बॅटऱ्या स्वतःही तापतात. साध्या धातूच्या बॅटरीला ७५ अंशांच्या वर नुकसान व्हायला लागतं. गोल्ड अमाल्गम वापरलं तर ही मर्यादा ५० अंशांनी वाढते, म्हणजे १२५. त्यामुळे "चारी बाजूंनी इन्सुलेटेड टाइल लावून बंद करून टाकतो" हा उपाय अर्धाच आहे. शेत वाचेल, पण आत कोंडलेली उष्णता जाणार कुठे? बॅटऱ्याच भाजून निघतील. खोली थंड भागाजवळ काढा किंवा उष्णता बाहेर न्यायची काहीतरी सोय ठेवा.

चाळीस किलोज्यूल साठवायचेत, कसे साठवाल?

समजा तुम्हाला ४० किलोज्यूल साठवायचे आहेत. तीन वाटा आहेत.

चार साध्या बॅटऱ्या: ८०० किलो कच्चा धातू, रोजची गळती ४ किलोज्यूल, उष्णता सेकंदाला ५ किलो-डीटीयू.

एक जम्बो: ४०० किलो कच्चा धातू, गळती २ किलोज्यूल, उष्णता १.२५.

दोन स्मार्ट: ४०० किलो शुद्ध धातू, गळती ०.८ किलोज्यूल, उष्णता १.

साध्या बॅटरीचं काम पहिल्या काही दिवसांपुरतं, हे इथे स्पष्ट दिसतं. एक-दोन बांधा, पुढे सरका.

स्मार्ट बॅटरी महाग आहे. शुद्ध धातू लागतो आणि सुरुवातीला तो रॉक क्रशरमधून येतो, जो १०० किलो खनिजातून ५० किलो धातू देतो, बाकीची वाळू. म्हणजे एका स्मार्ट बॅटरीच्या २०० किलो धातूसाठी ४०० किलो खनिज. तेवढ्यात एक जम्बो होते, जिच्यात दुप्पट वीज मावते. हा हिशोब करून बरेच जण म्हणतात, "मग जम्बोच बरी की!"

थांबा. स्मार्ट बॅटरीची किंमत साठवणीसाठी नाहीच. ती कशासाठी आहे ते आता बघू, कारण तिसरी गळती सगळ्यात मोठी आहे.

दुसरी न दिसणारी गळती: भरलेली बॅटरी, चालू जनरेटर

या गेममध्ये जनरेटरला इंधन मिळालं की तो चालतो. वीज कुणाला हवी आहे का, हे तो बघत नाही. बॅटऱ्या काठोकाठ भरल्या तरी हायड्रोजनचा जनरेटर सेकंदाला १०० ग्रॅम हायड्रोजन जाळत राहतो, नॅचरल गॅसचा ९० ग्रॅम गॅस जाळत राहतो. दोघेही ८०० वॅट बनवतात आणि ती वीज हवेत विरते. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

पायाच्या चाकावर आणि कोळशाच्या जनरेटरवर एक स्लायडर असतो. बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली की काम सुरू करायचं, ते त्यावर ठरवता येतं. चाकाच्या बाबतीत तो चांगला चालतो. डुप येतो, पळतो, निघून जातो. पण कोळशाच्या बाबतीत तो स्लायडर एवढंच ठरवतो की डुपने नवीन कोळसा कधी आणून टाकायचा. आत आधीच पडलेला कोळसा जळतच राहतो.

किती नुकसान? उदाहरण घेऊ. तुमचा एक ऑक्सिजन डिफ्यूझर चालू आहे, १२० वॅट खातो. बाकी फारसं काही नाही. जनरेटर ६०० वॅटचा. म्हणजे गरज पाचव्या हिश्श्याची. जनरेटर सतत चालला तर दिवसाला ६०० किलो कोळसा जळतो, त्यातला १२० किलो कामाचा आणि ४८० किलो वाया. शिवाय तो सेकंदाला २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, तोही ११० अंश तापलेला. दिवसाला १२ किलो. म्हणजे वाया गेलेल्या कोळशाचा धूरही तुम्हालाच सांभाळायचाय.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. जम्बोची गळती: ३.३ किलो कोळसा. न थांबणाऱ्या जनरेटरची गळती: ४८० किलो. आपण नळाच्या थेंबाकडे बघत बसलोय आणि मागे टाकी ओसंडून वाहतेय.

स्मार्ट बॅटरी नक्की काय करते

स्मार्ट बॅटरीवर दोन खुणा लावता येतात, एक खालची, एक वरची. चार्ज खालच्या खुणेच्या खाली गेला की ती हिरवा सिग्नल देते. वरच्या खुणेवर पोचला की लाल. तिच्यापासून जनरेटरपर्यंत ऑटोमेशनची वायर ओढली की झालं. हिरवा मिळाला की जनरेटर चालू, लाल मिळाला की बंद.

समजा खालची खूण १० टक्के, वरची ९० टक्के. मधला साठा १६ किलोज्यूल. बेस ४८० वॅट खातोय. जनरेटर बंद असताना हा साठा ३३ सेकंद पुरतो. मग जनरेटर सुरू होतो. ६०० मधले ४८० बेसला जातात, उरलेले १२० बॅटरीत. भरायला लागतात १३३ सेकंद. पुन्हा बंद. म्हणजे एकूण वेळापैकी ८० टक्के वेळ चालू, २० टक्के बंद. दिवसाला १२० किलो कोळसा वाचला. आणि त्या बदल्यात स्मार्ट बॅटरीने गळती किती केली? ४०० ज्यूल, म्हणजे पाऊण किलोहून कमी कोळसा.

पाऊण किलोचा पहारेकरी रोज १२० किलो वाचवतोय. आता सांगा, महाग कोण?

सेटिंगबद्दल दोन सूचना. खालची खूण अगदी शून्याजवळ ठेवू नका. एकदम मोठं मशीन सुरू झालं तर जनरेटर जागा होईपर्यंत थोडी शिल्लक हवी. २० आणि ९० हे सुरुवातीला बरे आकडे आहेत.

दुसरी सूचना, जनरेटर दोन प्रकारचे असतील तर दोन स्मार्ट बॅटऱ्या वापरा. जे इंधन तुमच्याकडे आपोआप तयार होतंय, समजा हायड्रोजन, त्याच्या बॅटरीला खुणा वर द्या, ७० आणि ९०. कोळशाला खाली द्या, २० आणि ४०. म्हणजे आधी हायड्रोजन चालेल. तो पुरला नाही आणि चार्ज घसरत गेला, तरच कोळशाला हात लागेल.

मग बॅटऱ्या किती ठेवायच्या?

आता मुख्य मुद्दा. दहा जम्बो बांधणाऱ्याच्या डोक्यात काय असतं? की आपण वीज साठवून ठेवतोय, अडीअडचणीला उपयोगी पडेल. धान्याची कणगी भरून ठेवतो तसं. बघू या, ही कणगी किती दिवस पुरते.

आठ डुप आहेत. एकेक डुप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन घेतो. एक डिफ्यूझर ५०० ग्रॅम देतो. म्हणजे दोन डिफ्यूझर लागले, २४० वॅट. फक्त श्वासासाठी, बाकी सगळं बंद. दहा जम्बो म्हणजे ४०० किलोज्यूल. भागाकार केला तर पावणेतीन दिवसांच्या थोडं वर. त्यात दहा बॅटऱ्यांची गळती धरा, ती जवळजवळ ३३ वॅट. मग उरतात अडीच दिवसांहूनही कमी. चार टन खनिज ओतलं, बेस तापवला, आणि मिळाले अडीच दिवस.

आता हीच ४०० किलोज्यूल ऊर्जा कोळशाच्या रूपात बघा. किती कोळसा? ६६७ किलो. बस. एका कोपऱ्यात ढीग पडलेला. तो गळत नाही, स्वतःहून तापत नाही, त्याला वायर लागत नाही. एका स्टोरेज बिनमध्ये २० टन मावतो. त्याची वीज होते १२,००० किलोज्यूल, म्हणजे तीनशे जम्बो बॅटऱ्या. तीनशे! एका डब्यात.

आणखी एक तुलना. हॅच नावाचा दगड खाणारा प्राणी आहे गेममध्ये. तो रोज १४० किलो खातो आणि ७० किलो कोळसा देतो. त्याची वीज ४२ किलोज्यूल. म्हणजे एक पाळलेला हॅच रोज एक जम्बो भरून वर थोडी उरेल एवढं देतो.

आपल्याकडे म्हण आहेच: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बॅटरी हा पोहरा आहे. आड म्हणजे तुमचं इंधन. वीज गेल्यावर पोहरे वाढवून काही होत नाही, उलट प्रत्येक पोहऱ्याला भोक आहे. आडात पाणी आहे का ते बघायचं. या गेममध्ये साठा करायचा तो इंधनाचा. बॅटरी ठेवायची ती जनरेटर बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंतचा मधला काळ निभवायला. त्यासाठी सुरुवातीच्या बेसला एक-दोन स्मार्ट बॅटऱ्या भरपूर झाल्या.

अपवाद आहे तो सोलरचा. सोलर पॅनल जास्तीत जास्त ३८० वॅट देतं आणि ऊन साठवून ठेवता येत नाही. रात्र असते, वर उल्का पडत असताना पॅनलवरचे दरवाजे बंद ठेवावे लागतात. तेव्हा बॅटऱ्या जास्त लागतात, आणि तिथे स्मार्ट बॅटरीची कमी गळती आणि कमी उष्णता खरोखर कामाला येते.

बाकीचे गेम काय करतात

हा प्रश्न प्रत्येक गेमने आपापल्या पद्धतीने सोडवलाय.

‘फॅक्टोरिओ’मध्ये अॅक्युम्युलेटर आहे, ५ मेगाज्यूलचा. तो नुसता ठेवला तर काहीही गळत नाही. तिथला सगळा भर कारखाना वाढवण्यावर आहे, त्यामुळे साठवण सरळ ठेवलीय.

‘रिमवर्ल्ड’मध्ये मात्र बॅटरी गळते, प्रत्येकी ५ वॅट. पण खरा मार बसतो भरताना. १०० वॅट आत घातले तर साठतात ५०. निम्मी वीज दारातच जाते. आणि वर शॉर्ट सर्किटची घटना आहे. वायरमध्ये ठिणगी उडते आणि त्या वायरला जोडलेल्या सगळ्या बॅटऱ्यांतली वीज एका क्षणात स्फोट होऊन जाते. जितका साठा मोठा, तितका स्फोट मोठा. म्हणून तिथले जाणते खेळाडू काही बॅटऱ्या स्विच लावून वेगळ्या तोडून ठेवतात.

बघा, रोजची गळती दोन्हीकडे किरकोळ आहे. पण ‘रिमवर्ल्ड’मध्ये जास्त साठवलं की स्फोटाची भीती आणि ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’मध्ये जास्त साठवलं की उष्णतेची. साठवण फुकट नसते, एवढं दोन्ही गेम सांगतात. बिल वेगवेगळ्या खिडकीवर भरायचं.

आणि तुमच्या खिशातली बॅटरी?

खऱ्या बॅटऱ्याही गळतात. त्याला स्वयं-विसर्ग म्हणतात. आतली रसायनं वापर नसतानाही थोडी थोडी प्रतिक्रिया करत राहतात. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीत हे प्रमाण महिन्याला काही थोड्या टक्क्यांचं असतं. त्यामुळे रात्रीत फोन आठ-दहा टक्के उतरला तर तो स्वयं-विसर्ग नाही. तो वापर आहे. नेटवर्क शोधणं, मागे चालू राहिलेली ॲप, सिंक. गेमसारखंच: बॅटरीला दोष देण्याआधी कोण खातंय ते बघा. सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर दाखवणारं पान असतंच.

दोन फरक मात्र लक्षात ठेवा. गेममध्ये गळतीला तापमानाशी देणंघेणं नाही. खऱ्या बॅटरीत उष्णता वाढली की गळती वाढते. आणि गेममधली बॅटरी म्हातारी होत नाही. तुमची होते, आणि गरम जागी पूर्ण भरून पडून राहिली तर लवकर होते. म्हणून जुना फोन महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करा, बंद करा आणि थंड जागी ठेवा. ॲपलचा सल्लाही हाच आहे: अर्धा चार्ज आणि ३२ अंशांच्या खालची जागा.

थोडक्यात

आज गेम उघडलात तर तीन गोष्टी करा.

एक, बॅटऱ्या मोजा. कुठल्या लागतात आणि कुठल्या भीतीपोटी बांधल्यात ते ठरवा, आणि दुसऱ्या पाडा. धातू परत मिळतो, उष्णता कमी होते.

दोन, बॅटऱ्यांची खोली शेतापासून किती लांब आहे ते तापमानाच्या ओव्हरलेमध्ये बघा. मीलवूड २७-२८ अंशांवर असेल तर आजच हलवा. ३० झाल्यावर उशीर झालेला असतो.

तीन, पहिला ४०० किलो शुद्ध धातू हातात आला की तो दोन स्मार्ट बॅटऱ्यांवर खर्च करा. त्यानंतर बॅटरीचा विचार सोडा आणि कोळसा मोजा.

हे सगळे आकडे बॅटरीवर क्लिक केलं की गेममध्येच दिसतात. एखाद्या अपडेटने बदलले तर तिथले धरा, हिशोब करायची रीत हीच.

तुमचा बेस कितव्या दिवशी आणि कशाने बुडाला, ते आम्हाला कळवा. आणि जो मित्र अकरावी जम्बो बांधायला निघालाय त्याला हा भाग आत्ताच पाठवा. त्याच्या डुपांचं भलं होईल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत श्वास घेत राहा!